कुत्र्याचे पिल्लू : परिचय व संगोपन
(इयत्ता ३ री व ४ थीच्या परिसर अभ्यासासाठी तीन तासिकांचा पाठ)

ग्रामीण भागातील विद्यार्थ्यास कुत्रा हा प्राणी नवीन नसतो. शाळेच्या वाटेवर, गोठ्याच्या दाराशी, धनगराच्या मेंढरांमागे आणि बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानासमोर तो त्यास नित्य भेटतो. परंतु जे नित्य दिसते ते माहीत असतेच असे नाही. कुत्र्याचे पिल्लू दृष्टीस पडताच एक मूल धावत जाऊन त्यास कवटाळते, तर दुसरे खाली वाकून दगड उचलते. या दोन्ही कृती परस्परविरुद्ध दिसत असल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. दोघांनाही त्या जिवाची ओळख नसते. ओळख करून दिल्याविना दिलेला भूतदयेचा उपदेश जसा वरवरचा ठरतो, तसाच ‘कुत्र्याजवळ जाऊ नकोस’ हा धाकही निष्फळ ठरतो.

हा विषय केवळ मनोरंजनाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने, म्हणजे कुत्रे पिसाळण्याच्या रोगाने, मृत्युमुखी पडतात. त्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, आणि एकूण मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात. या रोगावर प्रतिबंधक लस उपलब्ध असूनही हे घडते. कारण मूल चाव्याची वाच्यता करीत नाही, किंवा केली तरी वडीलधारी माणसे ‘पिल्लाच्या दाताने काय होते’ असे म्हणून ती गोष्ट सोडून देतात. यास्तव पिल्लाच्या निमित्ताने विद्यार्थ्यास ममता आणि सावधगिरी या दोन्ही गोष्टी एकत्र शिकविणे, हा या पाठाचा हेतू होय.

पाठाची उद्दिष्टे

१. पिल्लाचा जन्म, वाढ व शरीररचना यांचे विद्यार्थ्यांस निरीक्षणाने ज्ञान करून देणे.
२. शरीररचना ओळखली म्हणजे निगेचे नियम आपोआप सुचतात, हे उदाहरणांनी पटविणे.
३. कुत्र्याची ‘भाषा’ ओळखण्याची व त्याच्यापाशी सुरक्षितपणे वागण्याची सवय लावणे.
४. चावा अथवा ओरखडा लपवू नये, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे.

शिक्षकांची पूर्वतयारी

वस्तुपाठासाठी प्रत्यक्ष वस्तू दाखवावी हा शिक्षणशास्त्रातील नियम खरा. पण या पाठात तो विचारपूर्वक पाळावा लागतो. गल्लीतील पिल्लू उचलून वर्गात आणू नये. एक तर त्याची आई चवताळून मागे येते आणि पिल्लांच्या रक्षणासाठी ती चावल्यावाचून राहत नाही. दुसरे असे की, अशा पिल्लास लस टोचलेली नसते. गावात एखाद्या कुटुंबाने लस टोचून पाळलेले शांत कुत्रे अथवा मोठे झालेले पिल्लू असल्यास, घरच्या प्रौढ माणसाच्या उपस्थितीत तेथे चार-चार विद्यार्थ्यांची तुकडी नेऊन निरीक्षण घडवावे. ते शक्य नसल्यास व्यालेल्या कुत्रीचे वीस-पंचवीस पावलांवरून निरीक्षण पुरेसे आहे. सोबत तक्ता, खडू, साबणाची वडी व पाण्याची बादली एवढे साहित्य असावे. साबण व पाणी कशासाठी, हे तिसऱ्या तासिकेत कळेल.

पहिली तासिका : पिल्लू वाढते कसे?

कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण राहते. एका वेळी ती चार, सहा, कधी त्याहूनही अधिक पिल्लांस जन्म देते. जन्मतः पिल्लू आंधळे व बहिरे असते. त्याचे डोळे व कानाची छिद्रे मिटलेली असतात. अंगाची ऊब राखण्याची शक्तीही त्यास नसते, म्हणून सर्व पिल्ले एकमेकांवर ढीग करून निजतात. वाढीचे टप्पे फलकावर पुढीलप्रमाणे मांडावेत :

१० ते १४ दिवस : डोळे उघडतात.
तिसरा आठवडा : ऐकू येऊ लागते, पिल्लू लटपटत उभे राहते.
तिसरा-चौथा आठवडा : दुधाचे दात येऊ लागतात.
चौथा ते आठवा आठवडा : आईचे दूध हळूहळू सुटते, मऊ अन्न खाता येते.
चौथा ते सातवा महिना : दुधाचे दात पडून कायमचे दात येतात.

दातांचा भाग विद्यार्थ्यांस विशेष आवडतो, कारण या इयत्तांतील मुलांचे स्वतःचेही दात पडत असतात. मुलांचे दुधाचे दात २० व कायमचे ३२. पिल्लाचे दुधाचे २८ व कायमचे ४२. ही संख्या फलकावर लिहून वजाबाकीची दोन उदाहरणे तेथेच घालावीत. नवे दात येत असता हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू चप्पल, दोरी, खडू जे मिळेल ते चघळते. ही खोडी नव्हे, गरज होय. हे एकदा समजले की चपलेसाठी पिल्लास मारणारे मूल त्यास फडक्याची गाठ मारून देऊ लागते.

यानंतर शिक्षकांनी विचारावे : ‘गल्लीतले पिल्लू घरी आणावेसे वाटले, तर केव्हा आणावे?’ बहुतेक मुले ‘लहान असतानाच’ असे सांगतील. डोळे उघडलेले गोंडस पिल्लू सदऱ्यात लपवून घरी आणण्याची हौस खेडोपाडी सर्रास आढळते. परंतु पंधरा-वीस दिवसांचे पिल्लू आईवेगळे केले की त्याचे हाल होतात. त्याची ऊब जाते, दूध जाते, आणि आणखी एक गोष्ट जाते ती सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. भावंडांशी खेळताना पिल्लू त्यांस चावते. जोराने चावले की ते भावंड केकाटून खेळ सोडून देते. अशा रीतीने किती जोराने चावावे याची मर्यादा पिल्लू आपल्या भावंडांकडून व आईकडून शिकते. हे शिक्षण न मिळालेले पिल्लू पुढे दात आवरू शकत नाही. म्हणून आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिल्लू आईपासून वेगळे करू नये. तोवर मुलांनी त्यास दुरून पाहावे, व घरच्या मोठ्या माणसांनी त्याच्या आईस भाकरी-पाणी द्यावे. आईच्या पोटात गेलेले अन्न पिल्लांसच पोचते.

शरीर पाहून काम ओळखणे

निरीक्षणातून विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी शोधून काढाव्यात. पुढच्या पायास पाच बोटे असून त्यांतील एक वर आखडलेले असते. मागच्या पायास बहुधा चार असतात. तळव्यास जाड गाद्या असतात. नाक ओलसर असते. माणसाच्या सर्वांगास घाम येतो तसा कुत्र्यास येत नाही; त्याचा घाम मुख्यतः पायांच्या तळव्यांस येतो, म्हणून उन्हात ते जीभ बाहेर काढून धापा टाकते व शरीर थंड करते. त्याच्या शरीराचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याहून अधिक असते. पिल्लू हातास गरम लागले म्हणून त्यास ताप आला असे समजू नये.

सर्वच कुत्र्यांची ठेवण सारखी नसते. या भेदाचे कारण समजावून देण्यासाठी दोन जातींचे चित्र फलकावर शेजारी शेजारी काढावे.

पहिले चित्र आपल्या दख्खनमधील कारवान जातीच्या कुत्र्याचे. महाराष्ट्र व कर्नाटकातील खेड्यांत पूर्वापार पाळली जाणारी ही जात सडपातळ, खोल छातीची, लांब पायांची व निमुळत्या तोंडाची आहे. मोकळ्या माळावर सशामागे वाऱ्यासारखे धावणे हे तिचे काम होते.

दुसरे चित्र डॅक्सहुंड या जर्मन जातीचे. शरीर लांबट, छाती पुढे आलेली, कान लोंबते, आणि पाय इतके आखूड की पोट जमिनीस टेकेल की काय असे वाटावे. मुले हसतील, हसू द्यावे. नंतर विचारावे : ‘या पायांनी ससा सापडेल काय?’ ‘नाही.’ ‘मग हे पाय कशासाठी?’ जर्मन भाषेत ‘डाख्स’ म्हणजे जमिनीत खोल बिळे करून राहणारा, बळकट नखांचा एक रानटी प्राणी, व ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. त्या प्राण्याच्या बिळात शिरून त्यास गाठण्यासाठी ही जात वाढविण्यात आली. अरुंद बिळात शिरावयाचे तर पाय आखूड हवेत, माती उकरावयाची तर पंजे बळकट हवेत, आणि बाहेरच्या शिकाऱ्यास ठाव लागावा म्हणून आवाज मोठा हवा. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या तशीच पिल्ले निवडून वाढविली. शेतकरी बियाण्यासाठी टपोरी कणसे निवडून ठेवतो, तद्वत हे झाले. पायांचे हे आखूडपण एका जनुकाच्या अधिकच्या प्रतीमुळे आले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. १९७२ साली म्यूनिक येथे भरलेल्या ऑलिंपिक क्रीडामहोत्सवाचे बोधचिन्हही ‘वाल्डी’ नावाचे डॅक्सहुंडच होते.

परंतु या निवडीची किंमत त्या प्राण्यास मोजावी लागते. लांब पाठ व आखूड पाय यांमुळे या जातीत पाठीच्या मणक्यांमधील चकती सरकण्याचा विकार इतर जातींच्या मानाने फार आढळतो. विकार बळावल्यास मागचे पाय लुळे पडतात. म्हणून डॅक्सहुंडाचे पिल्लू पाळणारे लोक त्यास खाटेवरून उड्या मारू देत नाहीत, जिना चढू-उतरू देत नाहीत, अंगावर मेद वाढू देत नाहीत, आणि उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील भागाखाली घेऊन पाठ आडवी राखतात. जर्मनीच्या नियमांनुसारही पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडता येत नाही.

आपल्या गावात डॅक्सहुंड क्वचितच आढळेल, आणि हौसेने तो आणण्याचेही कारण नाही. परंतु निगेचा सामान्य नियम या उदाहरणात स्पष्ट दिसतो. प्रथम शरीर ओळखावे, मग त्या शरीराला काय सोसते व काय सोसत नाही ते ठरवावे. गावठी पिल्लाची पाठ बळकट असली, तरी त्याचे हात-पाय ओढून अथवा मानगुटीस धरून त्यास लोंबकळत उचलणे योग्य नव्हे. दोन्ही हातांचा आधार त्यालाही तितकाच आवश्यक आहे.

दुसरी तासिका : संगोपन

आहार. संत नामदेवांची कथा विद्यार्थ्यांस बहुधा ठाऊक असते. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या कथेतील ममता घ्यावी. तूप मात्र पिल्लास पचत नाही. आठ आठवड्यांनंतर भाकरी अथवा भात कुस्करून, बिनतिखट-बिनमिठाच्या वरणात मऊ करून द्यावा. उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेले शिजवलेले मांस मिळाल्यास उत्तम. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा थोडे थोडे अन्न द्यावे. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे. गाईचे दूध कुत्रीच्या दुधाहून वेगळे असते. त्यात साखरेचा अंश अधिक असल्याने पुष्कळ पिल्लांस त्याने जुलाब होतात. दुधावर पिल्लू वाढविण्याची समजूत सोडून द्यावी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषासमान आहेत. शिजलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन घशात व आतड्यात रुततात, म्हणून तीही देऊ नयेत.

निवारा. पडवीचा कोरडा कोपरा व खाली गोणपाटाची घडी एवढे पुरे. थंडीत वारा व पावसाळ्यात ओल लागू नये. दिवसभर दाव्यास बांधलेले पिल्लू चिडखोर होते. गळ्यात सुतळी अथवा तार बांधल्यास पिल्लू वाढते, सुतळी वाढत नाही. ती कातडीत रुतून जखम होते व तीत किडे पडतात. पट्टा मऊ असावा व त्याखाली दोन बोटे सहज जावीत. दर आठवड्यास हे पाहावे. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पिल्लू भेदरून पळत सुटते व कित्येकदा कायमचे चुकते. त्या दिवसांत त्यास घरात ठेवावे. शेपटीस फटाक्यांची माळ बांधणे हा क्रूरपणा तर आहेच, पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हाही होय.

जंत. पिल्लाच्या पोटात आईच्या गर्भातूनच जंत येतात. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, अंग वाळलेले व केस निस्तेज दिसले की ते ‘खाऊन पुष्ट झाले’ असे न समजता जंतांची शंका घ्यावी. पशुवैद्याच्या सल्ल्याने दुसऱ्या आठवड्यापासून ठरावीक अंतराने जंतनाशक औषध द्यावे. या जंतांची अंडी विष्ठेवाटे मातीत पसरतात व मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातांनी पोटात जातात. म्हणून पिल्लास हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याविना काही खाऊ नये, आणि पिल्लाची विष्ठा खड्ड्यात पुरावी.

गोचीड व पिसवा. कानाच्या मागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड लपतात. गुरांसाठी आणलेले गोचीडनाशक औषध किंवा रॉकेल पिल्लाच्या अंगास चोळू नये. पिल्लू अंग चाटते, व त्या विषाने ते दगावते.

लसी. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्व्हो व डिस्टेंपर या घातक रोगांच्या लसी सुरू कराव्यात. पार्व्होत पिल्लास उलट्या व रक्ताचे जुलाब होतात आणि दोन-तीन दिवसांत ते दगावू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात टोचावी, पशुवैद्य सांगतील तेव्हा दुसरी मात्रा द्यावी व पुढे त्यांच्या सल्ल्याप्रमाणे ती वेळोवेळी टोचून घ्यावी. पिल्लू पाळणाऱ्या विद्यार्थ्याने जन्म, जंतनाशक व लस यांच्या तारखा वहीत लिहिण्याचा स्वाध्याय करावा. लेखन, गणित व जबाबदारी या तिन्ही गोष्टी त्यात साधतात.

तिसरी तासिका : कुत्र्याची भाषा व चाव्यापासून बचाव

‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ ही म्हण भाषेच्या तासाला शिकवावी, पण परिसर अभ्यासाच्या तासाला ती खरी नाही हेही सांगावे. भुंकणारे कुत्रे चावू शकते, व न भुंकताही कुत्रे चावू शकते. तसेच शेपटी हलते म्हणजे कुत्रे खुश आहे असेही नेहमी नसते. शेपटी सैल व सर्व अंगासह हलत असेल तर ते स्नेहाचे लक्षण; ती ताठ उभी राहून थरथरत असेल, अंगावरचे केस उभे असतील व नजर रोखलेली असेल तर तो इशारा होय. शेपटी पायांत व कान मागे चिकटलेले असतील तर कुत्रे घाबरलेले असते, आणि घाबरलेल्या कुत्र्यास कोंडीत धरले तर तेही चावते.

पुढील पाच प्रसंगी कुत्र्याजवळ अथवा पिल्लाजवळ जाऊ नये, हे विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे : ते खात असता, निजलेले असता, पिल्लांस पाजत असता, बांधलेले असता आणि इतर कुत्र्यांशी भांडत असता. ओळखीच्या कुत्र्यास हात लावण्यापूर्वीही मालकास विचारावे.

यानंतर विद्यार्थ्यांस मैदानावर नेऊन दोन खेळ घ्यावेत. ‘झाड’ असे शिक्षकांनी म्हणताच प्रत्येकाने हात अंगाशी घेऊन, नजर जमिनीकडे ठेवून स्तब्ध उभे राहावे. अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यापुढे असेच उभे राहावयाचे असते, कारण पळणाऱ्याच्या मागे धावणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. ‘गाठोडे’ म्हणताच गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी मान व कान झाकून आडवे व्हावे. कुत्र्याने खाली पाडले तर असे करावयाचे. हे खेळ वर्षातून तीन-चार वेळा घेतल्यास ऐन वेळी बुद्धी गोंधळली तरी शरीर चुकत नाही.

चावा बसल्यास. रेबीजचे विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत असतात व जखमेवाटे शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात; कधी आठवड्यात, तर कधी वर्षानेही दिसतात. एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्यापूर्वी मात्र तो वेळेवर केलेल्या पूर्ण उपचारांनी टळू शकतो. म्हणून पुढील क्रम विद्यार्थ्यांस मुखोद्‌गत असावा :

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. एका विद्यार्थ्याच्या हातावर खडूने रेघ ओढून, घड्याळ लावून हे प्रात्यक्षिक वर्गात करावे. १५ मिनिटे किती दीर्घ असतात, हे त्याविना कळत नाही.
२. जखमेवर मिरचीपूड, चुना, हळद, तंबाखू अथवा माती लावू नये. जखम घट्ट बांधू नये.
३. मोठ्या माणसास तत्काळ सांगावे, व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात जावे. मांत्रिकाकडे अथवा झाडपाल्याच्या उपायांत वेळ घालवू नये.
४. लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. पहिली मात्रा दिली तो दिवस शून्य धरून ३ ऱ्या, ७ व्या व २८ व्या दिवशी त्या देतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत १४ व्या दिवशीही एक मात्रा असते. रक्त आलेल्या जखमेत लसीखेरीज रोगप्रतिकारक द्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अद्याप अनेक घरांत आहे. ती जुनी लस भारतात २००४ सालापासून बंद झाली असून, आताची लस दंडात व थोड्याच वेळा टोचली जाते. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते, ही समजूतही चुकीची आहे. पाण्याचे भय रोग झालेल्या माणसात दिसते. कुत्र्यात ते लक्षण बहुधा नसते. म्हणून कुत्रे पाणी प्यायले, आता चिंता नाही, असे मानणे घातक होय. हा रोग केवळ भाद्रपदात होतो असेही नाही. तो बारमाही आहे. आणि ज्या पिल्लास लस मिळालेली नाही, त्याचा दात अथवा नखाचा ओरखडाही मोठ्या कुत्र्याच्या चाव्याइतकाच गंभीर समजावा. उघड्या जखमेवर त्याने चाटले, तरी हाच नियम लागू होतो.

लसीच्या शोधाची कथा विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी. फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्याकडे ६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातील एका आईने आपल्या नऊ वर्षांच्या मुलास आणले. त्याचे नाव जोसेफ माइस्टर. त्यास पिसाळलेल्या कुत्र्याचे चौदा चावे बसले होते. पाश्चर स्वतः वैद्य नव्हते. त्यांच्या देखरेखीखाली डॉक्टरांनी त्यास नवी लस टोचली, आणि मुलगा वाचला. पुढे मोठा झाल्यावर तो पाश्चर यांच्याच संस्थेत नोकरीस राहिला. आपल्या देशातही कुन्नूर येथे १९०७ साली पाश्चर संस्था सुरू झाली. पाश्चर यांचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. हा पाठ त्या सप्ताहात घेणे सोयीचे होईल.

शिक्षकांसाठी विशेष सूचना

पिल्लू चावल्याचे घरी सांगितले तर मार बसेल, पिल्लू हाकलून देतील, किंवा सुई टोचतील, या तीन भयांमुळे मूल गप्प बसते. ही भये ज्याच्यापाशी बोलता येतील असे एक माणूस गावात असावयास हवे, आणि ते शिक्षक होऊ शकतात. याकरिता वर्गात स्पष्ट आश्वासन द्यावे की, चाव्याची वा ओरखड्याची गोष्ट सांगणाऱ्यास कोणीही रागावणार नाही. मग ते पिल्लाची खोडी काढताना घडलेले असो, वा शाळा चुकवून भटकताना. असे आश्वासन एकदा दिले की ते पाळावे. त्या क्षणी केलेली एक कठोर कानउघाडणी वर्गातील इतर तीस मुलांची तोंडे बंद करते.

असा विद्यार्थी आढळल्यास शाळेतच जखम धुवून, पालकांस बोलावून आरोग्य केंद्रात पाठवावे. पुढील मात्रांच्या तारखा शिक्षकांनी हजेरीपुस्तकात टिपून ठेवाव्यात व त्या त्या दिवशी आठवण द्यावी. सुगीच्या दिवसांत पहिल्या मात्रेनंतर मजुरी बुडेल म्हणून पुढील मात्रा चुकतात, असे अनेकदा घडते.

शालेय पोषण आहाराचे खरकटे उघड्यावर टाकल्यास आवारात कुत्री जमतात. ते झाकणाच्या पिंपात साठवून खतखड्ड्यात टाकावे. मोकाट कुत्र्यांचा उपद्रव असल्यास मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीस लेखी कळवावे; ते काम विद्यार्थ्यांच्या दगडांवर सोपवू नये. दगड खाल्लेले कुत्रे दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाणाऱ्या निरपराध बालकावर धावून जाते.

फलक-लेखन

पिल्लू : जन्म – आंधळे, बहिरे. दात – २८, पुढे ४२. आईजवळ – ८ आठवडे.
निगा : मऊ अन्न, पाणी, कोरडी जागा, जंतनाशक, लस.
चावा : धुवा (१५ मिनिटे) – सांगा – दवाखाना – सर्व मात्रा.

प्रश्न

१. पिल्लाचे डोळे जन्मानंतर किती दिवसांनी उघडतात?
२. कारवान कुत्र्याचे पाय लांब व डॅक्सहुंडाचे आखूड का?
३. पिल्लू आठ आठवड्यांपूर्वी आईपासून का तोडू नये?
४. पिल्लू चप्पल का चघळते? त्यास काय द्यावे?
५. कोणत्या पाच प्रसंगी कुत्र्याजवळ जाऊ नये?
६. पिल्लाने ओरखडले तर प्रथम काय कराल? नंतर कोणास सांगाल?

स्वाध्याय

गल्लीतील एका कुत्र्याचे किंवा पिल्लाचे आठ दिवस दुरून निरीक्षण करून, ते केव्हा निजते, काय खाते, केव्हा भुंकते, याची रोज दोन ओळी नोंद करावी. घरी पाळलेल्या कुत्र्यास लस केव्हा दिली, हे विचारून तारीख लिहून आणावी. लस दिलेली नसल्यास तसे लिहावे. अशा घरांची यादी करून ती शाळेने नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवावी.

सजीव प्राण्यांविषयी भूतदया बाळगणे हे आपल्या राज्यघटनेने १९७६ सालच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. या कर्तव्याचा पहिला धडा खेड्यातील बालकास बहुधा दारातील पिल्लाकडूनच मिळतो. तो धडा नीट शिकविला गेला, तर पिल्लाच्या वाट्यास भाकरी येते, आणि चावा बसलेले बालक त्याच दिवशी शिक्षकांपाशी येऊन आपला हात पुढे करते.